एका मीटरमागची माणसं

हवामान आणि स्वच्छ ऊर्जा यांच्या बाबतीत राज्य सरकारने न्याय्य धोरण कसं आखावं, हे सांगण्यासाठी एक समिती नेमली होती. न्यायाची सुरुवात तिने खुर्च्यांपासून केली. अध्यक्षांना उंच पाठीची खुर्ची, सदस्यांना हात असलेली, आणि आकडेमोड करणाऱ्या मुलीला प्रिंटरशेजारचं स्टूल. स्टुलाला पाठ नव्हती, पण प्रिंटरची ऊब होती, आणि खोली इतकी गार ठेवलेली असायची की त्या उबेचा तिला आधारच वाटायचा. पृथ्वी तापत चालली आहे यावर तिथली मंडळी स्वेटर घालून चर्चा करत.

मुलगी पदार्थविज्ञानाची पदवीधर, नोकरी कंत्राटावर. नेमणूकपत्रात तिच्या पदाचं नाव दोन ओळी भरून होतं. एवढं कोण म्हणत बसणार, म्हणून सगळे तिला आकडेवाली म्हणत. अध्यक्ष मात्र 'बाळ' म्हणत. ते निवृत्त बडे अधिकारी होते. नोकरीत असताना त्यांनी कुणाचा सल्ला म्हणून ऐकला नव्हता. आता तो सगळा अनुशेष ते स्वतः सल्ला देऊन भरून काढत होते.

'गरजू कोण' या प्रश्नावर समितीचे पहिले काही महिने खर्ची पडले. अर्थतज्ज्ञ म्हणाले, गरज सापेक्ष असते. सचिवबाई म्हणाल्या, सापेक्ष लिहिलं तर वित्त खातं विचारेल, कशाच्या. यावर पुढच्या बैठकीत बोलायचं ठरलं, आणि पुढच्या बैठकीत त्याच्या पुढच्या. शेवटी प्रश्न सरकत सरकत प्रिंटरपाशी आला.

आकडेवालीच्या हाती एकच गोष्ट होती, ती म्हणजे शहरातल्या प्रत्येक विजेच्या मीटरचं वाचन. त्यावरून तिने एक निर्देशांक तयार केला. ज्या मीटरवर वीज कमी जळते ते घर गरजू, ज्यावर खूप जळते ते उधळं. गरजूंच्या छपरावर सरकार सौर पॅनल बसवणार. उधळ्यांच्या मीटरला एक यंत्र बसवणार. समितीने त्या यंत्राचं नाव ठेवलं 'संयम'. दुपारी चार ते रात्री आठ, सगळ्या शहराला वीज हवी असते त्या वेळेत, एका कुटुंबाला शोभेल त्याहून जास्त वीज कुणी ओढली की संयम खटकन पुरवठा तोडणार, आणि वापर खाली आल्याशिवाय पुन्हा जोडणार नाही.

उपकरण नेमकं काय मोजतं ते आधी समजून घ्यावं, हे तिला प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण इथे घाई होती, आणि सूत्र एका ओळीत मावत होतं. समितीला ते फार आवडलं. मंत्र्यांच्या भाषणातही एका ओळीपुरतीच जागा होती.

पहिला नकाशा पडद्यावर आला. सगळ्यांत गरजू भाग लाल दिसणार होता. लाल झाली ती टेकडी.

टेकडीवर बंगले होते, बागा होत्या, पोहण्याचे तलाव होते, आणि फाटकांना कुलपं होती. मालक वर्षातून एखाद्या सुट्टीत फिरकायचे. बंद बंगल्यात वीज जाळणार कोण?

"हे माझं घर," अध्यक्ष पडद्याजवळ जाऊन म्हणाले. "आणि हे शेजारचं आमच्या व्याह्यांचं."

"सर, चुकलंय," आकडेवाली स्टुलावरून उठली. "बंद घरं वेगळी काढायला हवीत. मी लगेच—"

"थांब बाळ." लग्नातला जुना फोटो सापडल्यासारखे अध्यक्ष नकाशाकडे बघत होते. "घाई नको. विज्ञान काहीतरी सांगतंय, ते आधी ऐकून घेऊ."

अर्थतज्ज्ञांनी ऐकून घेतलं. ही घरं महिनोन्महिने विजेवाचून काढतात ही वस्तुस्थिती आहे, ते म्हणाले, आणि अशांसाठी जगात अजून शब्द नाही. मग त्यांनी तो दिला: हंगामी ऊर्जावंचित. सचिवबाईंनी टिपून घेतला आणि चहा मागवला. अर्थतज्ज्ञांचा बंगला त्याच टेकडीच्या मागच्या उतारावर होता. मागचा उतारही लालच होता.

राहता राहिले उधळे. अहवालावर सह्या होण्याआधी संयम एका खऱ्या मीटरवर लावून बघायचा होता, आणि त्यासाठी कार्यालयाचाच प्रभाग सोयीचा होता. त्यातला सर्वांत उधळा मीटर कुणाचा, ते आकडेवालीने वाचून दाखवायचं होतं. ती वाचायला लागली आणि मध्येच अडली.

"काय झालं?" सचिवबाईंनी विचारलं.

"बाजारामागची गल्ली. पाण्याच्या टाकीजवळची इमारत."

"बघा," अर्थतज्ज्ञ म्हणाले. "माणसं वरून किती साधी दिसतात."

त्या इमारतीत तिची सख्खी मावशी राहत होती.

मावशीची खोली तळमजल्यावर, जिन्याला खेटून. वर-खाली मिळून सहा-सात बिऱ्हाडं होती आणि मीटर एकच, कारण एकाहून जास्त जोडण्यांसाठी खेटे घालायचा घरमालकाला कंटाळा होता. प्रत्येकाच्या दाराशी त्याने स्वतःचा छोटा मीटर लावला होता खरा, पण तो त्याच्यापुरता. वीज खात्याच्या लेखी हे सगळे मिळून एकच कुटुंब होतं, आणि ते कुटुंब राक्षसासारखी वीज खात होतं.

त्यातला मोठा घास मावशीच्या इस्त्रीचा. पूर्वी तिच्याकडे कोळशाची इस्त्री होती. शहराची हवा शुद्ध व्हावी म्हणून आधीच्या एका समितीने कोळसा बंद करवला, तेव्हा गल्लीत सगळ्यांआधी मावशीने विजेची इस्त्री घेतली. त्याबद्दल तिच्या गळ्यात 'स्वच्छ ऊर्जेची अग्रदूत' असा पट्टा घालून तिला मंत्र्यांशेजारी उभं केलं होतं. फोटो भिंतीवर होता. मावशीचा चेहरा मंत्र्यांच्या कोपरामागे गेला होता, पट्टा मात्र स्वच्छ वाचता येत होता.

आकडेवालीने कॉलेजची वर्षं याच खोलीत कपड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये जागा करून काढली होती. दारातल्या पायरीवर बसून तिने सगळं सांगितलं. मावशी एका शर्टाची कॉलर दाबत ऐकत होती.

"म्हणजे सोमवारपासून चार ते आठ वीज नाही."

"तशी राहील. एका कुटुंबापुरती. जास्त ओढली की जाईल."

"आणि मी इस्त्री लावली की?"

"वरच्यांचे पंखे चालू असतील तर जाईल."

"मग पंखे बंद करायला सांगते. वरच्या सूनबाईंचं तान्हं आहे, त्याला समजावते, बाबा रे, पृथ्वीसाठी जरा घाम गाळ."

"मावशी."

"नाही गं, मी आपली समजून घेतेय. कचेरीतली माणसं सुटताना कपडे न्यायला येतात. हॉटेलातल्या पोरांचे गणवेश सातच्या आत लागतात. त्या सगळ्यांना सांगायचं ना, आठनंतर या म्हणून?"

"दुपारी नाही का उरकता येणार?"

"दुपारी ते लोकांच्या दोरीवर वाळत असतात. एक समिती धुणाऱ्यांसाठीही नेमा. पहाटे धुवा म्हणावं."

मावशीने शर्ट उलटा केला आणि बाहीवर पाणी शिंपडलं.

"हे ठरवलं कुणी?"

"समितीने."

"आणि समितीला सुचवलं कुणी?"

"मी," आकडेवाली म्हणाली.

इस्त्री क्षणभर उभी राहिली. "पाढे तुला मी शिकवलेत," मावशी म्हणाली. "हे आता कुणाला सांगू नकोस." मग शर्टाची घडी घालता घालता, आवाजातली थट्टा बाजूला ठेवून म्हणाली, "एकदा दुसरीकडे गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही बघ. मला या वयात दुसरं काही जमणारही नाही."

दुसऱ्या दिवशी आकडेवाली अध्यक्षांच्या खोलीत गेली. मीटरमागची माणसं मोजून वापर त्यांच्यात भागला तर काय होतं, ते तिने एका कागदावर मांडून नेलं होतं. अध्यक्षांनी कागद चष्म्याच्या घराखाली दाबून ठेवला. सचिवबाई शेजारी उभ्या होत्या.

"तुझी मावशी राहते म्हणे तिथे," अध्यक्ष म्हणाले. सचिवबाईंना कळलं होतं. त्यांना सगळं कळायचं.

"हो सर. पण प्रश्न मावशीचा नाही. एका मीटरमागे बरीच कुटुंबं असतात, आणि आपण—"

"प्रश्न मावशीचाच आहे बाळ. आज तुझ्या मावशीला सूट दिली की उद्या कुणाच्या काकांना द्यावी लागते. मी आयुष्यभर एकच तत्त्व पाळलं. कुणालाही सूट नाही."

"टेकडीवरचे बंगले सर—"

"ती सूट नव्हे. तो निर्देशांक आहे."

"शिवाय सूत्र मंत्र्यांकडे गेलंय," सचिवबाई म्हणाल्या. "छापूनही झालंय. दुरुस्ती दुसऱ्या टप्प्यात बघू."

दुसरा टप्पा हा सरकारी कामातला एक प्रदेश होता. तिथे सगळ्या चुका दुरुस्त झालेल्या असत, आणि तिथे जाऊन आलेला माणूस अजून कुणाच्या पाहण्यात नव्हता.

"मग एवढं तरी लिहून द्या सर," आकडेवाली म्हणाली. "कुणालाही, कसलीही सूट नाही, असं. उद्या मावशीमुळे माझ्यावर ठपका यायला नको."

लिहून द्यायला अध्यक्षांना आवडायचं. त्यांनी पेन काढलं. प्रभागात निर्देशांकाने जो मीटर पहिला येईल त्यालाच यंत्र बसवावं, कुठलाही मीटर कुठल्याही कारणाने वगळू नये. खाली सही, सहीखाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं.

तोवर आकडेवालीच्या मनात काही डाव नव्हता. ती ओळ तिने निव्वळ रागाने मागितली होती. डाव सुचला तो स्टुलावर येऊन आदेश पाळायला बसल्यावर. कुठलाही मीटर वगळू नये म्हणजे आपल्या गणितात कुठे काही वगळलंय का, ते तपासणं आलं. ती एकेक ओळ वाचत गेली. अगदी वर, तिनेच कधीतरी लिहिलेली ओळ होती: सरकारी इमारती सोडून द्या. का लिहिली ते तिलाही आठवेना. कुणी सांगितलं नव्हतं. उन्हाळा मोजायचा तर तापमापकाची स्वतःची ऊब धरायची नसते, तसं काहीतरी वाटलं असावं.

तिने ती ओळ काढली आणि गणित पुन्हा चालवलं. मावशीची इमारत दुसरी आली. पहिली आली ती, जिच्यात ती बसली होती.

आकडेवालीने पडद्यावरचा पत्ता तीन-तीनदा वाचला. मग सचिवबाईंना रीतसर मेल केला, 'आदेशानुसार चाचणीच्या जागेत बदल', सोबत नवी यादी. लगेच उत्तर आलं: नोंद घेतली. सचिवबाई सगळ्याची नोंद घेत. सोबत जोडलेलं उघडून बघायची मात्र तिथे पद्धत नव्हती.

सोमवारी दुपारी वीज खात्याचा इंजिनिअर खांद्याच्या पिशवीत यंत्र घेऊन आला.

"कुठे लावायचंय?"

"इथेच. तळघरात."

"इथे म्हणजे या इमारतीला?"

तिने आदेश पुढे केला. इंजिनिअरने तो वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. "कुठल्याही कारणाने वगळू नये," तो पुटपुटला. "सही साहेबांचीच?"

"दोन टिंबांसकट."

"मग माझं काय जातंय. ताई, तुमची नोकरी पक्की आहे?"

"कंत्राट."

"हां. म्हणजे तुमचंही फारसं जात नाही." आणि तो शीळ घालत तळघरात उतरला.

शेवटची बैठक चार वाजता होती. सह्यांसाठी जाड कागदावर छापलेला अहवाल टेबलावर होता. बाहेरच्या दालनात पत्रकार बसले होते, वरच्या मजल्यावर मंत्री तयार होते. अर्थतज्ज्ञ लिफ्टने येत होते. अध्यक्षांनी घसा साफ करून, "न्याय ही केवळ कल्पना नसून," एवढं म्हटलं, आणि दिवे गेले. पडदा काळा झाला. गार हवेचा आवाज थांबला, तेव्हा तो इतके दिवस चालू होता हे सगळ्यांच्या ध्यानात आलं.

पाच मिनिटांत स्वेटर उतरू लागले. खिडक्या उघडता येत नव्हत्या. ऊर्जा वाचावी म्हणून आधीच्या समितीच्या शिफारशीवरून त्या कायमच्या बंद करून घेतल्या होत्या.

"जनरेटर?" अध्यक्षांनी विचारलं.

"डिझेलचा होता," सचिवबाई म्हणाल्या. "आपणच काढायला लावला."

सचिवबाईंचा फोन वाजला. अर्थतज्ज्ञ लिफ्टमध्ये अडकले होते, मजल्यांच्या मध्ये कुठेतरी. त्यांना धीर देऊन बाईंनी वीज खात्याच्या इंजिनिअरला फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला.

"यंत्र उत्तम चाललंय बाई," इंजिनिअर म्हणाला. "वापर एका कुटुंबाच्या वर गेला म्हणून तोडला. कमी करा, आपोआप जोडेल."

"कमी म्हणजे किती?"

"दोन-चार दिवे, पंखे, एखादा फ्रिज. घरात असतं तेवढं."

"अहो, घर कुठलं?" अध्यक्षांनी फोन ओढून घेतला. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "या इमारतीत शेकड्यांनी माणसं काम करतात."

"असतील साहेब. पण मीटर एकच आहे."

"एवढ्या माणसांना एक कुटुंब धरायचं? हा कुठल्या मूर्खाचा हिशोब?"

इंजिनिअर फोनवर गप्प राहिला. तो अनुभवी माणूस होता. आकडेवाली म्हणाली, "आपल्या सूत्राचा सर. छापून झालंय."

अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं. नोकरीत असताना या नजरेने माणसं रजेवर जात. पण खोलीत अंधार होता, आणि ती नजर अर्धी वाया गेली.

"यंत्र काढा," ते फोनवर म्हणाले.

"आदेशात 'कुठल्याही कारणाने' म्हटलंय साहेब. आता समितीचा ठराव लागेल. ठराव द्या, मी त्याप्रमाणे यंत्रात आकडा भरतो."

"मग सरकारी इमारतींना वगळा असा ठराव करा."

"सूट द्यायची का सर?" आकडेवालीने विचारलं. तिचा आवाज जितका नम्र असू शकतो तितका होता. "बाहेर पत्रकार आहेत."

सचिवबाई दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, "आणि मंत्रीसाहेबांच्या खोलीतूनही विचारणा झालीये, गारवा का गेला म्हणून." मग त्या आकडेवालीकडे वळल्या. "तो तुझा कागद कुठाय?"

कागद अध्यक्षांच्या खोलीत, चष्म्याच्या घराखाली होता. पण तिला तो पाठ होता.

"एका मीटरमागे जितकी माणसं, तितक्यांत वापर भागावा."

अध्यक्षांनी सवयीने ओठ हलवले. एरवी त्यांनी त्यात 'तत्त्वतः' घातलं असतं, 'टप्प्याटप्प्याने' घातलं असतं, 'यथोचित पडताळणीअंती' तर नक्कीच घातलं असतं. पण शर्ट पाठीला चिकटला होता. लिफ्टमधून अर्थतज्ज्ञांचं मत विचारण्यात आलं. प्रत्येक शब्द सापेक्ष आहे असं मानणारे ते गृहस्थ कळवळून म्हणाले, "मंजूर. काय असेल ते मंजूर." समितीच्या इतिहासातलं एकही विशेषण नसलेलं पहिलं वाक्य फोनच्या उजेडात लिहिलं गेलं, आणि खाली सगळ्यांच्या सह्या झाल्या.

इंजिनिअरने यंत्रात इमारतीतल्या माणसांचा आकडा भरला, आणि दिवे आले. नवं सूत्र जनगणनेतले जुने आकडे घेऊन लगेच नकाशावर चालवून पाहिलं, कारण नकाशाशिवाय पत्रकारांसमोर जाणार कसं? कार्यालयाच्या इमारतीतल्या माणसांत भागल्यावर वापर बेताचा निघाला. बाजारामागची गल्ली उधळ्यांतून उठून गरजूंत आली. टेकडीचा रंगच गेला.

"इथे काय झालं?" अध्यक्षांनी बोट ठेवून विचारलं.

"तिथे कुणी राहत नाही सर. भागायला शून्य आहे."

"मग?"

"शून्याने भागता येत नाही."

"काहीच मार्ग नाही?"

"अजून तरी सापडलेला नाही."

ते थोडा वेळ विचारात पडले. गणितावर समिती नेमता येईल का, असंही त्यांच्या मनात आलं असेल. मग कोट चढवून ते बाहेर गेले आणि पत्रकारांना म्हणाले की मीटरमागचा माणूस मोजायला हवा, हे त्यांना फार पूर्वीपासून जाणवत होतं. मंत्र्यांनी त्यांच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं. आकडेवालीचं कंत्राट महिनाअखेर संपत होतं. ते दुसऱ्या टप्प्यात वाढवायचं ठरलं.

आता मीटरमागची आजची माणसं मोजायची म्हणजे कुणीतरी दारोदार जाणं आलं. त्या आठवड्यात संध्याकाळी इंजिनिअर बाजारामागच्या गल्लीत आला, तेव्हा मावशीची इस्त्री चालू होती, वरचे पंखे फिरत होते, आणि दारात हॉटेलातला एक पोरगा गणवेशासाठी ताटकळत उभा होता. आकडेवाली आत गठ्ठ्यावर बसून बटणं लावत होती.

"ऐकलं," मावशी इंजिनिअरला म्हणाली, "सरकारला चांगला सल्ला मिळाला म्हणे. दिला कुणी?"

"उकाड्याने," इंजिनिअर म्हणाला.

वरची सगळी बिऱ्हाडं लिहून तो खाली मावशीच्या दारापाशी आला. "तुमच्याकडे किती? एकट्याच ना?"

"दोघी. हिलाही लिहा."

"मी इथे राहत नाही," आकडेवाली म्हणाली. "चुकीचा आकडा जाईल मावशी. माझी खोली आहे वेगळी."

"महिना संपल्यावर तिचं भाडं कोण भरणार आहे? तुझे अध्यक्ष?"

आकडेवालीने पुढचं बटण घेतलं. इंजिनिअरने पेन उघडून दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

"लिहू का?"

"लिहा," मावशी म्हणाली, आणि गणवेशाची घडी पोराच्या हातात दिली. "आणि नीट लिहा. मागच्या वेळी सगळ्यांचं मिळून एकच कुटुंब लिहिलं होतं कुणीतरी."